आधी धुतलेले हात

माझ्या आधी आईची दोन लेकरं गेली. दोन्ही भिवापूरला घरीच जन्मली, खणखणीत रडली, दूध प्यायली आणि आठव्या दिवसाच्या आत संपली. पहिल्याचा जबडा उघडेना. दुसरीचं अंग धनुष्यासारखं मागं वाकलं. घरात म्हणत, सटवाईनं नेलं. पाचवीच्या नाहीतर सहावीच्या रात्री ती कपाळावर लिहायला येते, लिहिताना तिचं मन फिरलं असेल.

पुढं मी नर्स झाले. शिकत असताना धनुर्वाताचं टिपण वहीत उतरवता उतरवता माझा हात थांबला. नवजात बाळाचा धनुर्वात बहुतेक वेळा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतो, असं त्यात लिहिलं होतं. त्याचे जंतू शेणामातीत असतात. गवत कापलेल्या विळ्यानं नाळ कापली, वर राख नाहीतर शेण लावलं, की ते आत शिरतात आणि चार-सहा दिवसांनी बाळाला दूध ओढता येईनासं होतं. म्हणजे सटवाईच्या येण्याचे दिवस आणि या जंतूचे दिवस एकच. ज्या बायांनी पाचवी पूजायला सुरुवात केली त्यांनी दिवस अगदी बरोबर मोजले होते. कारण तेवढं त्यांच्या हाती आलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला, १९५४ साली, आईच्या वडिलांनी हट्ट धरला की पोरगी नागपूरला न्यायची. आजोबा रेल्वेत गँगमन होते. भिवापूर म्हणजे तेव्हा नागपूर-नागभीड छोट्या लाइनीवरचं स्टेशन. नागपूर सत्तरेक किलोमीटर, पण ती गाडी इतक्या सावकाश जायची की अर्धा दिवस बसल्या बाकावर जाई. नववा महिना लागलेली माझी आई शिदोरी बांधून त्या गाडीत बसली, इतवारीला उतरली आणि टांग्यानं सीताबर्डीवर मातृसेवा संघाच्या सूतिकागृहात पोचली. मी तिथं जन्मले.

आई त्या दिवसांबद्दल फार बोलायची नाही, पण एक गोष्ट तिनं मला किती वेळा सांगितली असेल! तिथली परिचारिका तिला तपासायला आली आणि आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा आली, पुन्हा धुतले. आईचा जीव कसनुसा झाला. आमची जात अशी, की आमचा स्पर्श झाला तर लोक हात धुत, अंगावर पाणी घेत. तिला वाटलं, इथंही तेच. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं. ‘विटाळ धरनारा मानूस शिवल्यावर हात धुते,’ आई सांगायची, ‘ते बाई शिवाच्या आंधी धुवत होती.’ त्या बाईला आईपासून नव्हे, आपल्या हातांपासून आईला जपायचं होतं.

मातृसेवा संघ ज्यांनी उभा केला त्या कमलाताई होस्पेटांविषयी मला जे वाटतं ते आईच्या या एका वाक्यात आहे. नागपूरबाहेरच्या पुष्कळ वाचकांना त्यांचं नावही आता ठाऊक नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कमलाताईंचा जन्म १८९६चा, खानदेशातल्या शिरपूरचा. माहेरचं नाव यमुना, आडनाव मोहोनी. घरची परिस्थिती बेताची. बाराव्या वर्षी गुरुराव होस्पेटांशी लग्न झालं आणि संसार म्हणजे काय हे कळायच्या वयातच वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीपुढं काय असायचं? दुसऱ्याच्या घरची चूल, आणि समारंभात पुढं न येणं. यमुनेनं शिकायचं ठरवलं, आणि शिकायचं म्हणजे नर्सिंग शिकायचं ठरवलं. हा निर्णय किती अवघड होता हे कळायला बाळंतपणाभोवतीचा विटाळ कळला पाहिजे. बाळंतिणीला दहा दिवस कोणी शिवत नसे. तिची बाज घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीत, खिडकी बंद, खाली शेगडीचा धूर, अंगाखाली फेकायच्या लायकीच्या जुन्या चिंध्या. रक्त, वार, नाळ ही सगळी सुईणीची कामं, आणि सुईण बहुधा आमच्यासारख्या घरातली. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या विधवा मुलीनं हे काम पोटापाण्यासाठी आणि आपलं म्हणून पत्करावं, हे तेव्हाच्या लोकांना सहज पचण्यासारखं नव्हतं.

त्यांनी नागपूरच्या डफरीन हॉस्पिटलात परिचारिकेचं शिक्षण घेतलं. डफरीन हे नाव आपल्याकडं बऱ्याच शहरांत ऐकू येतं. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी भारतातल्या बायांना बायांकडूनच औषधोपचार मिळावेत म्हणून एक निधी उभारला, त्यातून ही रुग्णालयं निघाली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८६च्या मार्चमध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांचंही पहिलं बाळ जन्मानंतर दहा दिवसांत गेलं होतं. आनंदीबाईंना पुढं एक वर्षही आयुष्य मिळालं नाही. रखमाबाई १८९४ साली लंडनमध्ये डॉक्टरीचं शिक्षण पुरं करून आल्या आणि सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं स्त्रियांच्या इस्पितळात राबल्या. या दोघींचे फोटो शाळेच्या भिंतीवर असतात, आणि असायलाच हवेत. पण कमलाताई डॉक्टर नव्हत्या. त्या नर्स होत्या. मला त्यांचं मोल वाटतं ते याच कारणानं.

डिसेंबर १९२०मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, असहकाराचा ठराव झाला, सगळं शहर भारलेलं होतं. पुढच्या वर्षी, १९२१मध्ये, कमलाताईंनी वेणूताई नेने या आपल्या सहकारी बाईंसोबत मातृसेवा संघ सुरू केला. सुरुवात चार खाटांची.

चार खाटा ऐकून काय वाटतं? फारच थोडं वाटतं. म्हणून त्या काळी बाळंतिणीला वाचवायला हाताशी काय होतं ते बघा. पेनिसिलिन नव्हतं. फ्लेमिंगला ती बुरशी दिसली १९२८ साली, आणि औषध म्हणून ती लोकांपर्यंत पोचायला दुसरं महायुद्ध उजाडलं. सल्फाच्या गोळ्या बाळंतज्वरावर चालतात हे कळलं १९३६च्या सुमाराला. रक्त चढवणं मोठ्या शहरातही दुर्मीळ. म्हणजे १९२१ साली बाळंतिणीला ताप चढला, पोट फुगलं, तर तो उतरवण्याचं औषधच जगात नव्हतं. ताप चढू न देणं एवढंच हाती होतं. त्यासाठी लागत होतं उकळतं पाणी, साबण, धुतलेली चादर, उघडी खिडकी, आणि जागी राहणारी बाई.

हे हात धुण्याचं ज्ञानसुद्धा फार जुनं नव्हतं, आणि ते मोठ्या दुःखातून आलं. व्हिएन्नाच्या इस्पितळात दोन बाळंतविभाग होते. एक वैद्यकीच्या विद्यार्थ्यांकडं, दुसरा सुईणींकडं. विद्यार्थ्यांच्या विभागात बाया खूप जास्त मरत. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरनं शोध घेतला. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडं येत, सुईणी येत नसत. एप्रिल १८४७मध्ये त्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या. सेमेलवाइसनं क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, आणि काही महिन्यांत आकडा दोनाच्या आसपास आला. तरी मोठमोठे डॉक्टर त्याचं ऐकायला तयार नव्हते. आपल्याच हातांनी मरण नेलं हे मान्य करणं सोपं नसतं. मला ते फार चांगलं कळतं, कारण तसा एक प्रसंग माझ्या घरात घडला.

माझी वडिलांकडची आजी गावची सुईण होती.

हे आधीच सांगायला हवं होतं, पण लिहिताना अजून जड जातं. भिवापुरातल्या आणि भोवतालच्या खेड्यांतल्या कितीतरी लेकरांना तिनं हातावर घेतलं. एरवी ज्यांच्या ओसरीवर तिला पाय ठेवता येत नसे, त्या घरांत रात्री-बेरात्री तिला आतल्या खोलीपर्यंत नेत. पोटावर हात ठेवून मूल आडवं आहे की सरळ हे ती सांगे, आणि चुकत नसे. घाई करत नसे. कळ देणाऱ्या बाईच्या पाठीवरून तिचा हात फिरायला लागला की बाई शांत व्हायची. हे कसब मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नाही. तिला एकच गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी सरकारनं गावोगावच्या दायांना शिकवायचं काम जोरात काढलं. मी तेव्हा एएनएम म्हणून नवीन होते. लोक आम्हाला नर्सबाई म्हणत. आम्ही दायांना पाच स्वच्छता शिकवायचो: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, दोरा स्वच्छ, आणि नाळेला काहीही न लावणं. सोबत एक लहान पुडकं द्यायचो, त्यात नवं ब्लेड, उकळलेला दोरा, साबणाची वडी. माझ्या वर्गात बारा-तेरा म्हाताऱ्या होत्या आणि त्यांच्यात माझी आजी.

मी धनुर्वाताचं सांगितलं. विळा सांगितला, राख सांगितली, जबडा बसतो ते सांगितलं. आजी ब्लेडचा कागद बोटांत फिरवत राहिली. घरी येताना मरू नदीच्या काठाला ती थांबली आणि म्हणाली, ‘मंग तुह्या मायचे ते दोन लेकरं... माह्याच हातानं?’

मी गप्प राहिले. ती काही क्षण उभी राहिली आणि मग चालायला लागली. त्यानंतर तिनं केलेल्या प्रत्येक बाळंतपणात ब्लेड उकळलेलं असे. पुडकी संपली की ती माझ्या दारात येऊन बसायची. सेमेलवाइसचं म्हणणं युरोपातल्या प्राध्यापकांना पटायला वर्षं लागली. माझ्या अंगठाबहाद्दर आजीला एक दुपार लागली. मी हे अभिमानानं लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकात गरोदर बायांना धनुर्वाताची लस सगळीकडं मिळू लागली, बाळंतपणं दवाखान्यांत होऊ लागली, आणि २०१५ साली भारतातून माता व नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी आई नव्हती, आजी नव्हती. मी एकटीच वर्तमानपत्रातली ती चौकट परत परत वाचत बसले.

कमलाताईंच्या कामाचा दुसरा भाग मला त्यांच्या पहिल्या चार खाटांइतकाच मोठा वाटतो. त्यांनी काम नागपुरातच ठेवलं नाही. मातृसेवा संघाच्या शाखा विदर्भातल्या लहान गावांपर्यंत गेल्या. बाईला कळा सुरू झाल्यावर शहर गाठणं म्हणजे काय ते खेड्यात राहणाऱ्यालाच कळतं. बैलगाडी, पावसाळ्यातला नाला, पुढं गाडीची वाट. माझ्या आजोबांकडं रेल्वेचा पास होता म्हणून आई पोचली. ज्यांच्याकडं नव्हता त्या पोचल्या नाहीत. दवाखाना बाईजवळ जायला हवा, ही समज कमलाताईंना कागदावर योजना मांडून आली नसावी, बाजेशेजारी बसून आली असावी, असं मला वाटतं.

आणि बाज एकदा नीट पाहिली की बाजेच्या अवतीभवतीचंही दिसायला लागतं. मातृसेवा संघाचं काम बाळंतपणापाशी थांबलं नाही. १९५८ साली त्यांचं समाजकार्याचं महाविद्यालय निघालं. मतिमंद मुलांसाठी नंदनवन निघालं, म्हाताऱ्या माणसांसाठी पंचवटी वृद्धाश्रम निघाला. १९६१ साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली. पुढं जमनालाल बजाज पुरस्कारही मिळाला. १९८१ साली त्या गेल्या. तोवर मी नोकरीत रुळले होते. त्यांना भेटायला एकदा जावं असं फार मनात होतं, पण उपकेंद्राची नर्स गाव सोडून जाईल कशी? ज्या दिवशी जाऊ, नेमकी त्याच रात्री कोणाची तरी कळ येणार.

नोकरीच्या मधल्या वर्षांत मला आणखी एका बाईनं जागं केलं. आमच्या भिवापूरहून पुढं नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी केलं की गडचिरोली लागतं. तिथं डॉक्टर राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९च्या जानेवारीत ते संशोधन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. शंभरातल्या ९२ बायांना आतल्या अवयवांचा काही ना काही आजार निघाला, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त आठ. सगळ्या जगाचं लक्ष तेव्हा गरोदर बाईकडं होतं. जी गरोदर नाही ती बाई जणू आजारी पडतच नव्हती.

मला हे कळायला हवं होतं, कारण मी रोज ऐकत होते. बाया माझ्याकडं यायच्या लेकराच्या खोकल्याचं औषध घ्यायला. पदराचं टोक पिळत दारापर्यंत जायच्या आणि उंबऱ्यातून मागं वळून म्हणायच्या, ‘बाई, अंगावरून पांढरं जाते.’ कुणी म्हणायची, कंबर राहत नाही. एक म्हातारी तर बारा वर्षं अंग बाहेर येत असताना धान रोवत होती. मी लोहाच्या गोळ्या द्यायचे आणि पुढची हाक ऐकायचे. त्या गडचिरोलीच्या आकड्यांनंतर मी एक सवय लावून घेतली. कुठल्याही कारणानं आलेल्या बाईला दार लोटून घेऊन विचारायचं, ‘तुझं सांग.’ पहिल्या महिन्यात माझी नोंदवही भरली.

यातलं बरंचसं आमच्या मिरचीशी जोडलेलं आहे. भिवापूरची मिरची लाल रंगासाठी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही आहे. हंगामात गावाबाहेरच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची खुडायच्या मोकळ्या जागांवर, मिरचीचे ढीग पडतात आणि देठ खुडायला शेकडो बाया बसतात. मजुरी किलोवर. त्यामुळं उठणं म्हणजे नुकसान, आणि उठून जायचं तर आडोसा नाही. म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. संध्याकाळी लघवीला जळजळ होते, ती मिरचीची आहे असं समजतात. नाकातोंडाला पदर बांधलेला, डोळे लाल, बोटांची आग. रात्री ताकात हात बुडवून बसतात. अंगावर पिणारं मूल असेल तर त्याला घ्यायची चोरी, कारण हात कितीही धुतले तरी तिखट उतरत नाही. दूध दाटतं, छातीला गाठी येतात, ताप भरतो. या तापासाठी माझ्याकडं आलेल्या बायांना मी उभ्या राहण्याच्या पद्धतीवरून ओळखायला शिकले.

बाळंतपणात बाई मरण्याचं प्रमाण आता खूप उतरलं आहे. २०१८-२० या काळात देशात लाख जिवंत जन्मांमागं ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला हे आकडे कोणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. आशाताई गावात आहे, १०८ला फोन केला की गाडी येते. पण जे मरण राहिलं आहे त्यात रक्तस्राव अजून वरच्या जागी आहे. वार पडली की पिशवी मुठीसारखी आवळली पाहिजे. नाही आवळली तर रक्त नळासारखं जातं. अंगात रक्त पुरेसं असलेली बाई अर्धा लिटर गेलं तरी तग धरते. जिचं हिमोग्लोबिन सात आहे ती तेवढ्यात ढासळते. आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बाया रक्तक्षयाच्या निघाल्या, शंभरात ५४. बाळंतपणाच्या खाटेवर जी बाई हातची जाते, तिचं रक्त तिथं येण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून कमी होत आलेलं असतं.

म्हणून निवृत्त झाल्यावरही हंगामात मी सातऱ्यावर जाते. सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, पण आताची नर्स आणि आशाताई सोबत असतात. आम्ही जेवणाच्या सुट्टीत रक्त तपासतो. पहिल्या वर्षी बाया बोट पुढं करेनात. मला वाटलं, सुईला भितात. मग एकीनं तळहात उलटा करून दाखवला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सोलून निघालेलं, तिथं सुई टोचली तर ती दुपारी देठ कशी खुडणार? तेव्हापासून आम्ही डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट घेतो. त्या बोटाला काम कमी असतं. पाण्याचा कॅन आणि साबण आम्ही घरून नेतो. आधी माझे हात धुते, मग त्यांचे.

गेल्या डिसेंबरात एक मुलगी समोर बसली. विशीतली असेल, मांडीवर वर्षाचं पोर. त्याला तिनं मनगटांनी धरलं होतं, बोटं लागू नयेत म्हणून. तिची पाळी किती दिवस जाते विचारलं, ती म्हणाली, ‘बारा-तेरा दिस. लेकरू झाल्यापासून.’ कोणाला सांगितलं होतं? नाही. यंत्रावर आकडा आला.

‘किती हाये, बाई?’

‘साडेसात.’

‘कमी हाये का?’

मी तिच्या मांडीवरचं पोर माझ्याकडं घेतलं आणि आशाताईला सांगितलं की हिची उद्याची चिठ्ठी आत्ता लिही, उमरेडला दवाखान्यात मी सोबत जाईन. मुलगी ढिगाकडं बघत होती. तिची अर्धी टोपली राहिली होती.

‘भरून घेते,’ ती म्हणाली. पोर माझ्याजवळच ठेवून ती परत जाऊन बसली.